अस्त्र आणि अवशेष

कथेतील शस्त्र हे त्या कथेतील पात्रांइतकेच बोलके असते, हे आपल्याकडील श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. शिवधनुष्य, सुदर्शन, कर्णाची वासवी शक्ती, ब्रह्मास्त्र, ही नावे उच्चारताच ज्याच्या हाती ते होते त्याचे तप, त्याचा स्वभाव आणि त्याचा प्रमादही डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी रंगभूमीचा उदय सांगलीस झाला. १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी तेथे जो पहिला खेळ केला तो सीतास्वयंवराचा, म्हणजे एका धनुष्याच्या भंगाचा. पुढे या परंपरेतील नाटकमंडळ्यांनी राक्षसांच्या आरोळ्यांनी आणि तरवारींच्या खणखणाटाने रात्रीच्या रात्री गाजविल्या. परंतु त्या आरडाओरड्यातही मरणारा राक्षस प्रेक्षकांच्या समोर पडे आणि मारणारा त्यांच्या समोर उभा असे. ही गोष्ट क्षुल्लक दिसते. पण आमच्या आजच्या विषयाशी तिचा निकट संबंध आहे.

अलीकडे विज्ञानकथांतून आणि तशा चित्रपटांतून एक नवे अस्त्र वारंवार वापरात आलेले दिसते. हे अस्त्र म्हणजे कृष्णविवर. शत्रूच्या ग्रहावर ते सोडावे, ग्रह आतल्या आत गिळला जावा आणि दोन घटकांत आकाश पूर्ववत् स्वच्छ व्हावे, असा त्याचा सर्वसाधारण प्रयोग असतो. सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून आज ही पुस्तके व हे चित्रपट मुलांच्या हाती आहेत, आणि वडील मंडळी 'गोष्टच ती' म्हणून तिकडे कानाडोळा करितात. आमच्या मते प्रश्न इतका हलका नाही. कल्पित शत्रूला कल्पित अस्त्राने मारण्यात पाप कोणते, असे कोणी विचारील. मारण्याविषयी आमची तक्रारच नाही. आमच्या पुराणांत संहार काही थोडाथोडका नाही. मारल्यानंतर काय उरते, आणि कथाकाराने ते उरू द्यावे की नाही, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. एखाद्या वस्तूचे सर्व वस्तुमान इतक्या लहान जागेत कोंडले की तेथून निसटण्यास प्रकाशाचाही वेग अपुरा पडावा, म्हणजे ती वस्तू कृष्णविवर होते. तिच्याभोवती एक सीमा असते, तिला घटनाक्षितिज म्हणतात. त्या सीमेच्या आत गेलेले परत येत नाही. सूर्याचे कृष्णविवर करावयाचे तर त्याला सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबावे लागेल, आणि पृथ्वीचे करावयाचे तर सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे साधारणपणे एका सुपारीत. कृष्णविवर आसपासचे सर्व काही ओढून घेते, असा एक समज चित्रपटांनी पसरविला आहे. तो खरा नव्हे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले तर पृथ्वी अंधारात गोठून जाईल खरी, पण फिरत राहील ती आपल्या नेहमीच्याच कक्षेत.

अस्त्र म्हणून ही वस्तू हाताळणे किती दुर्घट आहे, याचाही विचार कथाकार क्वचितच करितात. साताऱ्याच्या माथ्यावरचा अजिंक्यताऱ्याचा सगळा डोंगर दाबून त्याचे कृष्णविवर केले, तर ते अणूपेक्षाही कितीतरी लहान होईल. परंतु वजन मात्र डोंगराचेच राहील. तेव्हा ते शत्रूवर फेकावयाचे म्हणजे डोंगरच फेकावयाचा. (मारुतीने द्रोणगिरी उचलला तो एका मूर्च्छिताला जीवदान देण्यासाठी, आमच्या पूर्वजांची कल्पनाशक्ती या बाबतीत अधिक उदार होती असे म्हणावे लागते.) बरे, डोंगर नको म्हणून हजार टनांचे लहानसे कृष्णविवर घ्यावे, तर स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली जे गणित मांडले त्याप्रमाणे ते आपल्याच उष्णतेने झिजत जाऊन दीड मिनिटाच्या आत नाहीसे होईल, आणि जाता जाता हिरोशिमाच्या बाँबच्या एक अब्जाहून अधिक पट ऊर्जा बाहेर टाकील. म्हणजे लहान कृष्णविवर गिळत नाही, फुटते. आणि मोठे उचलता येत नाही. ही अडचण कथेच्या आड येते असे आम्ही म्हणत नाही. कल्पनेला तिचे स्वातंत्र्य असावे. आमचा आक्षेप पदार्थविज्ञानाच्या बाजूचा नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे, म्हणून हा हिशेब आधीच उरकून घेतला.

आता या वस्तूचा आणि युद्धाचा संबंध कथाकारांनी ओढूनताणून आणलेला आहे काय? तसे मात्र म्हणता येत नाही. कृष्णविवराचे गणित प्रथम ज्याच्या लेखणीतून उतरले तो कार्ल श्वार्त्सशिल्ड हा पॉट्सडॅमच्या वेधशाळेचा संचालक. पहिले महायुद्ध सुरू होताच चाळिशी उलटलेला हा ज्योतिर्विद आपण होऊन सैन्यात गेला आणि तोफखान्यासाठी गोळ्यांच्या मार्गांचे गणित करू लागला. रशियाच्या आघाडीवर असताना, १९१५ च्या डिसेंबरात, त्याने आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढून त्यास पत्राने कळविले. आणि पुढील मे महिन्यात एका दुर्धर त्वचारोगाने त्याचा अंत झाला. त्याच युद्धात आमच्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जवान कामी आले. आज त्या गावास मिलिटरी अपशिंगे म्हणतात, आणि त्या ४६ जणांसाठी तेथे स्मारक उभे आहे. श्वार्त्सशिल्डला अपशिंग्याचे नाव ठाऊक नव्हते, अपशिंगेकरांना श्वार्त्सशिल्डचे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण एकाच वणव्याच्या दोन टोकांना ही माणसे होती.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. थोर तारा आपल्याच भाराने कोसळत जाऊन शेवटी जगाशी असलेला संबंध तोडून टाकतो, हे रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलंड स्नायडर यांनी ज्या लेखात सिद्ध केले तो 'फिजिकल रिव्ह्यू'च्या ज्या अंकात आला त्याची तारीख १ सप्टेंबर १९३९ अशी आहे. त्याच दिवशी जर्मन सैन्य पोलंडात शिरले. यानंतर सहा वर्षे पुरी होण्याच्या आत, १६ जुलै १९४५ रोजी, याच ओपेनहायमरच्या देखरेखीखाली झालेला पहिला अणुबाँब न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उडाला. कृष्णविवर आणि महास्त्र ही दोन्ही ज्याच्या विचारातून गेली असा मनुष्य प्रत्यक्ष होऊन गेलेला असताना, कथाकाराने त्या दोहोंचा संयोग कल्पिला तर त्यास सर्वस्वी दोष देता येत नाही.

आणि १९७४ हे साल तर या बाबतीत विलक्षणच म्हटले पाहिजे. हॉकिंग यांचा उल्लेख वर आलाच. त्याच वर्षाच्या मे महिन्याच्या १८ तारखेस पोखरण येथे भारताने पहिली अणुचाचणी केली. त्याच वर्षी लॅरी निव्हेन या अमेरिकन लेखकाची 'द होल मॅन' ही कथा प्रसिद्ध झाली; तिला पुढील साली ह्यूगो पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले, कथेचे नाव 'कृष्णविवर'. हा जगताप म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीची शिफारस न घेता मराठी कथेच्या दारात उमेदवार म्हणून उभे राहावे, ही नम्रता आजही मोहक वाटते. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यास ते निवर्तले. मराठीत कृष्णविवर हा शब्द घरोघरी पोहोचला तो बव्हंशी त्यांच्या लेखणीने, आणि कृष्णाकाठच्या वाचकास तो कधी परका वाटला नाही.

निव्हेनची कथा थोडक्यात अशी. मंगळावर उतरलेल्या तुकडीतील एका शास्त्रज्ञास कोणा परक्या जीवांनी सोडून दिलेल्या यंत्रात एक अतिसूक्ष्म कृष्णविवर असल्याचा संशय येतो. तुकडीचा प्रमुख त्याची सतत टवाळी करितो. एके दिवशी शास्त्रज्ञ ते विवर यंत्रातून मोकळे करितो. ते प्रमुखाच्या देहातून आरपार जाऊन मंगळाच्या पोटात उतरते. प्रमुख मरतो, आणि कालांतराने सबंध मंगळ आतून खाल्ला जाणार हे ठरून जाते. खून झाला हे कथा सांगणाऱ्यास कळते, पण सिद्ध कसा करणार? हत्यार दाखविता येत नाही, ते आहे हेसुद्धा न्यायासनास पटविता येत नाही. आम्ही या कथेस चांगली कथा म्हणतो. कारण तिच्यात प्रेत आहे. प्रेताकडे पाहणारा आहे. आणि एका माणसाच्या मानखंडनेसाठी एक ग्रह जावा, या विषमतेची बोच आहे. अस्त्र अदृश्य असले तरी अपराध अदृश्य झालेला नाही.

याच्या उलट उदाहरण २००९ साली आलेल्या 'स्टार ट्रेक' या चित्रपटाचे. त्यात शत्रू व्हल्कन नावाच्या ग्रहाच्या गाभ्यात कृष्णविवर उत्पन्न करितो आणि कोट्यवधी लोकवस्तीचा तो ग्रह काही क्षणांत मिटून जातो. त्या कोट्यवधींपैकी प्रेक्षकास ओळखीची अशी एकच व्यक्ती मरताना दिसते, ती म्हणजे नायकाच्या मित्राची आई. चित्रपट करणाऱ्यांस एवढे भान राहिले याबद्दल त्यांना श्रेय द्यावे. परंतु पुढे काय? ग्रह गेला, विटेचा तुकडा नाही, राख नाही, हाड नाही. तासाभराने चित्रपट संपतो तेव्हा सगळे पुन्हा प्रफुल्लित आहेत. इतक्या मोठ्या संहाराचा भार कथेला वाटत नाही, याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे हेच की अस्त्राने संहाराबरोबर त्याचा पुरावाही गिळला आहे. कथाकाराच्या दृष्टीने हे फार सोयीचे अस्त्र आहे. त्याला प्रेते मोजावी लागत नाहीत.

प्रेत आणि अवशेष यांविषयी आमच्या या भागातील लोकांची भावना काय आहे ती येथे सांगितली पाहिजे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावोगाव, ग्रामदैवताच्या आवारात किंवा वेशीबाहेरच्या पिंपळाखाली, वीरगळ उभे किंवा आडवे पडलेले दिसतात. गाई पळविणाऱ्यांशी लढताना किंवा गावावर चालून आलेल्यांस अडविताना जो पडला त्याचा हा दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू; तीवरील चौकटीत अप्सरा त्यास वर नेत आहेत; सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे; आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही. शतकानुशतके ऊनपाऊस खाऊन नाकडोळे झिजले आहेत, कोणी शेंदूर फासला आहे, कोणी त्यावर कपडे धुतले आहेत. तरीही येथे कोणीतरी मेला, आणि ते गावास विसरावयाचे नव्हते, एवढे तो दगड आजही सांगतो. ज्याचे नाव टिकविता आले नाही त्याचेही मरण टिकविण्याची ही धडपड आहे. राजाने खर्च करून उभारलेल्या विजयस्तंभापेक्षा हा ओबडधोबड दगड आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो.

वेण्णा जेथे कृष्णेस मिळते त्या संगम माहुलीस साताऱ्याकडील लोक पिढ्यान्पिढ्या उत्तरकार्यासाठी जात आले आहेत. ज्याचा देह सापडतो त्याच्या अस्थी तेथे पाण्यात सोडतात. पण परदेशी मेला, पुरात वाहून गेला, रणात हरवला, अशाचे काय? त्यासाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करावयाचा, त्यास तो मनुष्य समजावयाचे, आणि त्याचे यथाविधि दहन करावयाचे. या विधीवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. त्याच्या मुळाशी जी मानवी गरज आहे ती नाकारता येणार नाही. मनुष्य गेला असे नुसते कळून भागत नाही. तो गेल्याची काहीतरी खूण हाताला लागावी लागते, आणि ती न लागली तर पानांची का होईना, पण करून घ्यावी लागते.

हिरोशिमाच्या बाँबने माणसे क्षणार्धात नाहीशी केली असे म्हणतात. परंतु तेथेही एका बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची छाया उमटून राहिली. ती पायरी आज तेथील संग्रहालयात ठेवली आहे. त्या अस्त्राविषयी जगाच्या मनात जी भीती आणि जी लाज उत्पन्न झाली तिच्यात ऊर्जेच्या आकड्यांपेक्षा त्या छायेचा वाटा मोठा असावा. अवशेष साक्ष देतात. अस्त्र जितके परिपूर्ण तितकी साक्ष कमी, आणि पूर्ण कृष्णविवर हे तर साक्षीचेच निर्मूलन.

व्यासांनी या गोष्टीचा निर्णय फार पूर्वी करून ठेविला आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा दर्भाच्या काडीवर अस्त्राची योजना करितो. अर्जुन त्यास प्रत्यस्त्र सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुनास अस्त्र परत घेता येते. अश्वत्थाम्यास सोडता येते, आवरता येत नाही. शेवटी ते पांडवस्त्रियांच्या गर्भावर जाते. अस्त्रविद्येत संहाराची म्हणजे आवरण्याची विद्या नसेल तर ती विद्या अर्धी, असा हा निवाडा आहे, आणि कृष्णविवरासारखे न आवरता येणारे अस्त्र हाती घेणाऱ्या प्रत्येक पात्रास तो लागू पडतो. पण आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सौप्तिकपर्व संपताच व्यास विजयाकडे वळत नाहीत, स्त्रीपर्वाकडे वळतात. गांधारीस दिव्य दृष्टी मिळते आणि ती रणभूमी पाहते. कोणाची मान कोठे, कोणाचा हात कोठे, कोणाची स्त्री कोणाचे मस्तक मांडीवर घेऊन बसली आहे, हे सर्व ती कृष्णास एकेक करून दाखविते. धृतराष्ट्र मेलेल्यांची संख्या विचारतो आणि युधिष्ठिर ती सांगतो. ज्यांचे कोणी नाही त्यांचेही दहन व्हावे अशी आज्ञा होते. ब्रह्मास्त्राची परवानगी व्यासांनी दिली ती या अटीवर. कुरुक्षेत्री कृष्णविवर सोडले असते तर गांधारीने पाहिले असते काय?

अस्त्र आणि चेहरा यांच्या संबंधाचे आणखी एक उदाहरण आमच्याच भागात अगदी अलीकडचे आहे. १९४२ च्या चळवळीनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालविले. त्यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा ताब्यात घेतला, आणि तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेवरून लोकांनी या राज्यास 'पत्री सरकार' हे नाव दिले. या शिक्षांच्या योग्यायोग्यतेविषयी त्या काळीही मतभेद होते आणि आजही आहेत. आम्ही त्या वादात येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की शिक्षा देणारा आणि घेणारा बहुधा एकाच पंचक्रोशीचे होते. मार खाल्लेल्याचे नाव गावास ठाऊक, मारणाऱ्याचेही ठाऊक, आणि पुढे एकाच बाजारात दोघांची गाठ पडावयाची. तेथे बळ वापरणाऱ्यास त्याचा जाब द्यावा लागे, निदान नजरेने तरी. ग्रह गिळणाऱ्या अस्त्राच्या कळीवर ज्याचे बोट आहे त्यास कोणाच्या नजरेस नजर द्यावयाची आहे?

येथे कोणी म्हणेल की, वाचकांची एवढी काळजी कशाला? गोष्टीतल्या बंदुकीने कोणी मेलेले नाही. यास इतिहासातून उत्तर आहे, आणि ते दुधारी आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली 'द वर्ल्ड सेट फ्री' ही कादंबरी लिहिली. अणुबाँब हे नाव तीत आले. लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकाने ती १९३२ साली वाचली, आणि पुढील साली लंडनमध्ये त्यास साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. कादंबरीने त्यास आधीच भय शिकविले होते म्हणून त्याने आपले पेटंट ब्रिटिश नौदलाच्या हवाली करून गुप्त ठेवविले. जर्मनीच्या भीतीने १९३९ साली आइन्स्टाइनकडून रूझवेल्ट यांस पत्र पाठविण्यात तोच पुढे होता. आणि १९४५ च्या जुलैत जपानवर बाँब टाकू नये म्हणून शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणाराही तोच. म्हणजे कल्पित अस्त्राने एकाच माणसास वाटही दाखविली आणि पायात काटाही घातला. वेल्सच्या कादंबरीत जळून उद्ध्वस्त झालेली शहरे होती, तीत मोडतोड होती, म्हणूनच तो काटा रुतला असे आम्हांस वाटते. कथेवर बंदी घाला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बंदीने कोणती विद्या थांबली आहे?

लोखंडाची गोष्ट निघाली की आमच्याकडे किर्लोस्करवाडीची आठवण निघतेच. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांस दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, असे सांगतात. तोफ वितळविता येते, हा तोफेचा मोठाच गुण म्हणावयाचा. कृष्णविवरास हा गुण नाही.

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या मुद्द्याकडे येतो. कथाकारांनी जी गोष्ट इतक्या सहज मान्य केली ती शास्त्रज्ञांनी केलेली नाही. कृष्णविवरात जे पडले त्याची सर्व हकीकत, म्हणजे ते काय होते, कसे होते, ही माहिती जगातून कायमची पुसली जाते काय, हा प्रश्न हॉकिंग यांच्या शोधानंतर उभा राहिला. विवर झिजून नाहीसे झाले तर आत गेलेल्याची हकीकतही नाहीशी झाली असे म्हणावे लागेल. आणि पुंजयामिकी या शास्त्राचा तर मूळ आधार असा की हकीकत बदलते, विखुरते, वाचता येईनाशी होते, पण नष्ट होत नाही. पुस्तक जाळले तरी धूर, राख आणि उष्णता यांत, तत्त्वतः तरी, त्याची अक्षरे शिल्लक असतात. हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी १९९७ साली जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज मारली की माहिती नष्ट होते. २००४ साली डब्लिन येथील परिषदेत हॉकिंग यांनी आपण हरलो असे जाहीर केले आणि पैजेचा विडा म्हणून बेसबॉल या खेळाचा एक कोश प्रेस्किल यांस दिला. थॉर्न यांनी मात्र तेव्हा हार मानली नाही. वाद सर्वस्वी मिटला आहे असे अजूनही म्हणता येत नाही. परंतु अर्धशतक झाले, जगातले उत्तमोत्तम गणिती या एका गोष्टीने अस्वस्थ आहेत की एखाद्या वस्तूचा मागमूसही न राहावा हे कसे शक्य आहे. ज्यांच्या शास्त्रात दयेला किंवा शोकाला जागा नाही त्यांना हे सहन होत नाही. आणि ज्यांचा धंदाच माणसांच्या सुखदुःखाचा, ते कथाकार एक सबंध मानवजात पुसून टाकून पुढचे प्रकरण सुरू करितात!

शास्त्राचे दुसरे एक म्हणणे तर कथाकारांच्या हाती आयते आलेले आहे, आणि अस्त्राच्या नादात ते त्याकडे पाहत नाहीत. कृष्णविवराजवळ काळ मंद होतो. घटनाक्षितिजाकडे जो जात आहे त्यास स्वतःला काही वेगळे वाटत नाही. तो आपल्या घड्याळाप्रमाणे ठराविक वेळात ती सीमा ओलांडतो. पण दूर उभा राहून जो पाहत आहे त्यास तो सीमा ओलांडताना कधीच दिसत नाही. जाणाऱ्याची हालचाल मंदावत जाते, जवळजवळ थांबते. त्याच्यापासून येणारा प्रकाश तांबडा, मग अधिक तांबडा, मग क्षीण होत होत डोळ्यांस दिसेनासा होतो. बाहेरच्याच्या हिशेबाने तो मेला असा क्षण येतच नाही. येते ती फक्त एक पुसट होत जाणारी प्रतिमा.

आमच्या लेखकांपैकी कोणी अशी कथा लिहावी असे आम्हांस फार वाटते. वाई-कराडकडचा एखादा मुलगा दूरच्या यानावर नोकरीस आहे. युद्धात कोणी ते अस्त्र सोडले. यान त्यात गेले. शासनाचे पत्र घरी आले आहे, आणि शेजारच्या वेधशाळेतील दुर्बिणीत ते यान अजून दिसते आहे, कालच्यापेक्षा थोडे तांबडे, थोडे अंधूक. आई म्हणते, दिसतो आहे तोवर पिंड देऊ नका. वडील माहुलीस जाऊन उपाध्यायांस विचारतात की पळसाची पाने आणवू काय, आणि वर्षश्राद्धास तिथी कोणती धरू. उपाध्याय पंचांग उघडतात. पत्रातील तारखेची तिथी निघेल, पण पत्र लिहिणाऱ्यानेही मुलास जाताना पाहिलेले नाही, आणि दुर्बिणीवरच्या माणसास तर तिथी विचारण्याचीच सोय नाही. ते पंचांग मिटतात आणि सांगतात की ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या आहे. तोवर दिवा लावीत जा.